पिवळं होऊन परत आलेलं पार्सल

पोस्टमनने माझ्या हातात ठेवलेलं पार्सल मीच शिवून दिलेलं होतं, हे मी टाक्यांवरूनच ओळखलं.

सात रस्त्याजवळ माझं शिवणकामाचं दुकान आहे. फौजेतल्या मुलांसाठी घरचे लोक शेंगाचटणी, कडक भाकरी, लोकरीचे मोजे घेऊन येतात. मी ते सगळं मांजरपाटात घट्ट शिवते आणि वर पत्ता लिहून देते. त्या पत्त्यात गाव नसतं. मुलाचं नाव, नंबर, पलटण आणि काही आकडे. पोरगं बर्फात आहे की वाळूत, हे आईलाही कळत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी मी दुकानाचा पत्ता घालते, कारण बऱ्याच जणांची घरं दूर माळावर असतात.

हे पार्सल तानूबाईंचं होतं. मोडनिंबकडच्या मेंढपाळ बाई. एकुलता एक बिरू सरहद्दीवर. सीमेवरच्या बातम्या वाईट होत्या आणि बिरूचा फोन कित्येक दिवस आला नव्हता. परत आलेल्या पार्सलचा मला एकच अर्थ सुचत होता: घ्यायला कुणी उरलं नाही. आणि तानूबाई तर त्याच दुपारी दुसरं पार्सल शिवायला येणार होत्या! मी ते छातीशी धरून दुकानभर नाचले, कुठे दडवू नि कुठे नको. शेवटी स्टुलावर ठेवलं, वर परकर टाकला आणि त्यावर महाराणीसारखी विराजमान झाले.

"या मावशी, या!" मी इतकी गोड हसले, की तिथेच घात झाला.

"बुडाखाली काय दडवलंयस गं?"

"कपडे हो. शिलाईचे."

"मग पदराला आमच्या बिरोबाचा भंडारा कुटनं लागला?"

पदर पिवळाधमक झाला होता. मग उलगडा झाला. मी शिवून दिलेलं पार्सल बाईंनी थेट पोस्टात नेलंच नव्हतं. आधी गावी बिरोबाच्या देवळात नेलं आणि त्याला तेल-भंडारा चोळला. "देवाला दावल्याबिगर उंबऱ्याभाईर कसं धाडायचं? बिरूला बी असाच धाडला हुता की!" तेलकट कापडावर पोस्टाची चिकटपट्टी टिकली नसावी. माझी अक्षरंही हळदीत बुडाली होती. मागच्या बाजूचा दुकानाचा पत्ता तेवढा शाबूत. कारण पटलं, पण बिरूचा फोन नव्हता तो नव्हताच.

तानूबाई पार्सल मांडीवर घेऊन खाली बसल्या, डोळे मिटले आणि मुलाचा पत्ता म्हणू लागल्या. त्यांना वाचता येत नाही. सगळा पत्ता तोंडपाठ. नाव, नंबर, पलटण, आकडे. संपला की पुन्हा पहिल्यापासून, जप करावा तसा. काय करावं कळेना, म्हणून मीही हात जोडून शेजारी बसले.

शर्टाचं बटण लावून घ्यायला आलेला एक तरुण दाराशी थबकला होता.

"मावशी, परत एकदा म्हना."

त्यांनी पुन्हा सगळा पत्ता म्हटला.

"ही पलटण आमच्या शेजारीच हाय. माजी सुट्टी सपली, सांजची गाडी हाय. द्या हिकडं."

पार्सल काखोटीला मारून तो गेला. नाव विचारायचं आम्हा दोघींनाही सुचलं नाही. नंतरचे दिवस आधीपेक्षा वाईट गेले. आता दोन पोरांची काळजी होती. फोन वाजला की मी आधी घाबरायची, मग उचलायची.

एका सकाळी तानूबाई दुकानातच बसल्या असताना त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो माझ्याकडे ढकलला. "तूच ऐक. मला न्हाय व्हायाचं."

मी कानाला लावला. "आये, चटणी मला चाकायला बी मिळाली न्हाय! समद्या पोरांनी हाणली." फोन मी कसाबसा त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी आधी मनसोक्त शिव्या घातल्या, मग रडल्या. पार्सल कुणी आणलं, हे बिरूलाही ठाऊक नव्हतं. गेटवर कुणीतरी ठेवून गेलं होतं.

तो तरुण कोण, याचा तपास मी केला नाही. भीती गेली, असंही म्हणणार नाही. प्रत्येक पार्सल दुकानाबाहेर पडताना आजही जीव वरखाली होतो. मात्र शेवटचा टाका घालून दोरा तोडला, की मी हात मागे घेते. तिथून पुढची वाट माझी नाही. ज्याची आहे, तो चालतो आहे, मग तो देव असो की वाटेवरचं पोरगं; एवढं मला बिरूचा फोन आला त्या दिवशी दिसलं.