सहाव्या मजल्यावरचा थेंब

तो-क्वा-वान या वस्तीतल्या आमच्या इमारतीला तेरा मजले आहेत, एक लिफ्ट आहे आणि दारात मी आहे. चौदा वर्षं वॉचमनच्या खुर्चीत बसून मी पाहतोय, एप्रिल लागला की या गावातली चांगली माणसंसुद्धा बिघडतात. हवा अशी ओली की भिंतींना घाम फुटतो, टॉवेल चार-चार दिवस वाळत नाही, कपाटातल्या बुटांना हिरवी लव चढते. मग घरोघरी एसी घरघरतात, हवेतलं पाणी ओढतात आणि भिंतीपलीकडे टाकतात. ते पाणी खालच्या कुणाच्या तरी पत्र्यावर पडतं, आणि ज्याच्या पत्र्यावर पडतं तो तणतणत माझ्याकडे येतो. माझ्या टेबलावर तक्रारींची वही असते. कोण वाचतं ती वही? कोणी नाही. पण लिहिल्यावर माणसं जरा थंड होतात, म्हणून ठेवली आहे.

फुंगताई मात्र लिहून थंड होणाऱ्यातली नव्हती.

तिचं पूर्ण नाव हो काम-फुंग. वय सत्तावन्न, राहायला सहाव्या मजल्यावर, एकटी. बंदराच्या रस्त्यावरच्या चहाघरात ती वाफेच्या भट्टीवर असते. कोळंबीच्या मोदकासारख्या पुरचुंड्या आणि डुकराच्या मांसाचे पाव, बांबूच्या टोपल्यांत, आठ-आठ टोपल्यांची चळत. कामाला पहाटे जायचं, दीडला परत यायचं. आल्यावर एसी लावायचा, दोनला डोळा लागला पाहिजे. तिची रात्र दुपारीच असते. त्या रात्रीवर गेल्या सप्टेंबरातल्या वादळानंतर थेंब पडायला लागला. एसी तिच्या खिडकीच्या वर, भिंतीतल्या चौकटीत आहे. त्याच्या खाली, खिडकीवर पत्रा. त्या पत्र्यावर टप. थोडं थांबून परत टप.

हिवाळ्यात थेंब थांबला. एप्रिलमध्ये परत सुरू झाला.

"लिहून घ्या चुंगभाऊ," ती म्हणाली. "सातव्या मजल्यावरचा म्हातारा माझ्या डोक्यात खिळे ठोकतो."

"असं कसं लिहू? मशीन टपकतं असं लिहितो."

"तुम्हाला टपकणं वाटतं. तुम्ही बसल्या बसल्या झोपता, तुमच्यावर अख्खी इमारत कोसळली तरी कळायचं नाही."

मी लिहिलं आणि वर गेलो.

सातव्या मजल्यावर सेतो आजोबा. चौऱ्याऐंशी वर्षांचे, तीस वर्षं जहाजांना आतून रंग मारलेला, त्या रंगानं फुप्फुसं खाल्लेली. डॉक्टरनं सांगितलं होतं, पावसाळ्यात खोली कोरडी ठेवा, नाहीतर आमच्याकडे यावं लागेल. म्हणून त्यांचा एसी दिवसभर चालायचा, थंडीसाठी नाही, कोरडेपणासाठी. आणि त्या मशीनची निगा अशी की बघत राहावं. दर रविवारी जाळी काढून जुन्या दातांच्या ब्रशनं धुणार, सावलीत वाळवणार. मशीन मागच्या बाजूला बोटभर कललेलं, पाणी आत यायला नको म्हणून. मागची नळी तारेनं इमारतीच्या पाइपला घट्ट बांधलेली.

"माझं पाणी पाइपात जातं रे," ते म्हणाले. "पण बघतो परत. बाई कष्टाची आहे."

त्यांनी परत बघितलं, आणखी एक तार गुंडाळली. थेंब चालूच.

मे महिन्यात भट्टीसमोर फुंगताईला उभ्या उभ्या डुलकी लागली आणि टोपल्यांची चळत अंगावर आली. डावा हात कोपरापर्यंत भाजला. मालक म्हणाला, पुन्हा असं झालं तर घरीच झोपा. तिला दुसरं काम येत नाही आणि या वयात कोणी शिकवणार नाही. त्या दिवसापासून तिचा राग वेगळा झाला. ती कपडे वाळत घालायची बांबूची काठी खिडकीतून बाहेर काढून सातव्या मजल्यावरच्या मशीनच्या बुडाला ठोकायची. "बंद करा! माणसं झोपतात इथं!" दुपारी अडीच वाजता. समोरच्या इमारतीतल्या बायका खिडकीत येऊन बघायच्या.

मग तिनं सरकारी माणूस बोलावला. तो आला सकाळी अकराला, कारण सरकारी माणसं अकरालाच येतात. तिनं सुट्टी काढली, एसी बंद केला, खिडकी सताड उघडली आणि त्याच्याशेजारी पाऊण तास मान वर करून उभी राहिली. एक थेंब पडला नाही. तो कागदावर "आढळलं नाही" लिहून गेला.

"म्हाताऱ्यानं त्याला येताना पाहिलं असणार," ती मला म्हणाली. "बटण दाबलं असणार लगेच."

मीही मान डोलावली. खरं तर मी त्याच वेळी सातव्यावर वर्तमानपत्र द्यायला गेलो होतो आणि मशीन माझ्यासमोर चालू होतं. तरी मान डोलावली. तिच्याशी वाद कोण घालणार?

जूनमध्ये तिनं लिफ्टमध्ये कागद चिकटवला. वहीएवढा. "सातवा मजला, सेतो. तुमच्या पाण्यानं माझी भाकरी जाईल. लाज धरा." चहाघरातला लाल मार्कर हाताला लागला, त्यानंच लिहिलं. आता आमच्यात जिवंत माणसाचं नाव लाल शाईनं कोणी लिहीत नाही. लाल नाव मेलेल्याचं. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीनं ते वाचलं आणि ती लिफ्ट सोडून जिन्यानं वर गेली. फुंगताईच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं स्वतःच कागद फाडून काळ्या शाईनं दुसरा लावला. पण आजोबांनी पहिला वाचला होता.

दुसऱ्या दिवशी ते भिंतीला धरत धरत माझ्या टेबलापाशी आले.

"चुंग, मशीन बंद केलंय मी. तिला सांग. आता टपकणार नाही."

मी सांगितलं. ती त्या दुपारी झोपली, आणि तीन वाजता झोपेच्या कपड्यांत खाली आली. डोळे लालभडक.

"बंद केलंय म्हणे. मग हे टपकतंय काय, त्याचे अश्रू?"

"त्यांनी तर तसंच सांगितलं."

"खोटारडा म्हातारा."

मलाही तसंच वाटलं. हे मी आज लिहितोय तेव्हा माझी मलाच चीड येते, पण वाटलं. म्हाताऱ्या माणसाला कोंदट खोलीत राहवत नसेल, लपून लावत असेल. चार पायऱ्या चढून जावं, हात लावून बघावं, तेवढंही मी केलं नाही. लिफ्ट होती, पायऱ्यासुद्धा चढायच्या नव्हत्या.

त्या जूनमध्ये काळ्या पावसाचा, म्हणजे सगळ्यात मुसळधार पावसाचा, सरकारी इशारा तीनदा लागला. तीन आठवडे ऊन दिसलं नाही. मशीन बंद केल्याच्या बाविसाव्या दिवशी सकाळी आजोबांना स्ट्रेचरवरून खाली आणलं. तोंडावर मास्क, छातीत शिट्टी वाजत होती. त्यांच्या घराची वीज मी माझ्या हातानं मुख्य बटणावरून बंद केली, दाराला कुलूप लावलं.

तिसऱ्या दुपारी फुंगताई खाली आली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मी घाबरलो.

"वर कोण आहे?"

"कोणी नाही. वीज मी बंद केलीय."

"टपकतंय," ती म्हणाली.

आम्ही दोघं वर गेलो. दार उघडताच ओल्या कापडाचा वास अंगावर आला. पलंगामागची भिंत माणसाच्या उंचीपर्यंत काळी झाली होती. जमिनीवर ओल शोषायला वर्तमानपत्रं अंथरलेली, भिजून लगदा झालेली. एसीची जाळी धुऊन, वाळवून, रुमालात गुंडाळून टेबलावर ठेवलेली. मशीनमध्ये ती नव्हतीच. तीन आठवडे ते चालू झालेलंच नव्हतं.

मी खिडकी उघडून खाली वाकलो. खाली तिचं मशीन चालू होतं. त्याच्या मागची नळी पाइपात नव्हती. हवेत लोंबत होती, तिला तपकिरी चिकटपट्टीचा हातभर तुकडा चिकटलेला, आणि टोकातून पाणी तिच्याच पत्र्यावर पडत होतं. टप.

"बघू," ती म्हणाली. मी बाजूला झालो.

तिनं वाकून पाहिलं. वादळ येणार म्हटलं की आम्ही सगळेच काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारतो, मशीनच्या फटींवर पट्ट्या ओढतो. तिनंही गेल्या सप्टेंबरात मारल्या होत्या.

"वादळ गेल्यावर हात बाहेर काढून ओढली होती मी ती पट्टी," ती म्हणाली. "जोरात. निघत नव्हती, म्हणून मला राग आला होता."

त्याच संध्याकाळी तिनं नळी बसवून घेतली. दुसऱ्या दिवसापासून काम संपलं की तांदळाची पेज घेऊन हॉस्पिटलात जायला लागली, तिच्या झोपेच्या वेळात. तिथंही भांडलीच. शेजारच्या पलंगावरच्या माणसानं मला नंतर सांगितलं, ती आजोबांना म्हणाली, "तुम्ही ओरडला का नाहीत? वरून सगळं दिसत होतं ना? माझ्यासारख्या बाईला असं सोडतात का? बादली ओतायची होती माझ्या डोक्यावर."

आजोबांनी मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "निरोप दिला होता की."

ती तिथून सरळ माझ्या टेबलापाशी आली.

"आजोबा म्हणतात निरोप दिला होता. कुणाला दिला?"

ते मशीन बंद केल्याचं सांगायला आले होते त्या दिवशी आणखी एक वाक्य बोलले होते. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, इथंही आत्तापर्यंत सांगितलं नाही. "तिची नळी लोंबतेय, मला वरून दिसते. मी माझं बंद ठेवतो म्हणजे तिला पटेल. तू वर येऊन बघून जा आणि तिला सांग." मला वाटलं, म्हातारा पळवाट काढतोय. आणि तिच्या दारात उभं राहून "बाई, तुझंच मशीन बघ" म्हणायची माझी छाती नव्हती. मी अर्धा निरोप दिला. उरलेला अर्धा पोटात ठेवून रोज चहा प्यायलो.

मी तिला सगळं सांगितलं. ती शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होतो. ती लिफ्टमध्ये शिरली आणि वर गेली.

हॉस्पिटलात नेल्याच्या अकराव्या दिवशी आजोबा गेले. दुपारी दोनला फुंगताई हॉस्पिटलातून आली, हातात पेजेचा डबा भरलेलाच. तिनं माझ्या टेबलावरची वही ओढली, पिशवीतून लाल मार्कर काढला. मी काळं पेन पुढं केलं, तिनं ते मनगटानं सारलं. उभ्यानंच लिहिलं आणि वही माझ्याकडं फिरवली.

"सहावा मजला, हो काम-फुंग. हिचं मशीन टपकत होतं. दारातला वॉचमन, चुंग वाय-कुन. याला निरोप मिळाला होता, यानं दिला नाही."

दोन्ही नावं लाल.

"सही करा," ती म्हणाली. "तक्रार मिळाली म्हणून करता ना रोज. करा."

मी तिच्या हातातून मार्कर घेतला आणि खाली सही केली.