मुक्ताची उशी आणि पाहुण्यांची खुर्ची

शनिवार, १८ जानेवारी. हजर : मी, माझी भाची मुक्ता, दोन इंजिनांचं विमान चालवायला शिकणारी, आणि सावेडीतले आमचे नेहमीचे गाडीवाले नामदेवराव. सोबत पाणी, टोप्या, मोजपट्टी आणि मुक्ताची शेरावही. तीत गुरुवारी तिच्या सरांनी लिहिलं होतं : 'एक इंजिन बंद असताना दिशा राखता येत नाही. पायात जोर नाही.' मंगळवारी परीक्षा. शेरा तसाच राहिला तर तिला बसू देणार नव्हते.

पायात जोर नाही! ही मुलगी दोनदा कळसूबाई चढली आहे.

सातला निघालो. नेवाशाच्या रस्त्याला उसाच्या बैलगाड्या लागल्या, गाडी रांगू लागली. नामदेवराव मूळचे पाथर्डीकडचे. म्हणाले, "एक इंजिन बंद पडलं तर दुसरं हाय की. मग भ्या कशाचं?"

"काका, डावं बंद पडलं की उजवं एकटंच ओढतं, नाक डावीकडे वळतं," मुक्ता म्हणाली. "मग उजवं पेडल पार दाबायचं. त्याने शेपटीचं सुकाणू फिरतं आणि विमान सरळ राहतं."

"म्हंजी एक बैल बसला की गाडी त्याच्याच अंगाला वळती, तसं. मग उभ्या बैलाला चाबूक मारायचा न्हाई."

"अगदी! वेग फार उतरला तर पेडलही पुरत नाही. तेव्हा चालू इंजिनाचा जोर कमी करून नाक खाली करायचं."

"बगा ताई, आमचा बाप बिनशाळेचा पायलट हुता!"

वाटेत एका शेतात आगटीवर (हुरडा भाजायच्या खड्ड्यावर) थांबलो. गरम हुरडा, लसणाची चटणी. मुक्ताने चार दाणे तोंडात टाकले आणि हात झटकले.

विमानशाळेची धावपट्टी ज्वारीच्या सपाट रानात आहे. मी मुक्ताला उभ्या विमानात बसवलं, पाय ताणायला सांगितला आणि मोजपट्टी लावली. पेडल शेवटपर्यंत जायला चार बोटं कमी पडत होती.

"पाठीमागची उशी कुठे आहे?" ती उशी मी स्वतः जाड फोम घालून शिवून दिली होती.

"गुरुवारी सापडलीच नाही. सर म्हणाले, आज तसंच भागवून घे."

"मग हे घरी का नाही सांगितलंस?"

"कारणं सांगते असं वाटलं असतं, मावशी."

मी तडक कार्यालयात गेले. विमानशाळेच्या मोठ्या साहेबांच्या टेबलासमोर पाहुण्यांची खुर्ची, तिच्यावर पांढरा टॉवेल, पाठीशी फुगलेला. टॉवेल उचलला. खाली माझी निळी उशी!

कारकून उठून उभा राहिला. "बुधवारी पाहुन्यांचा सत्कार हुता, ताई. खुर्ची लई खोल हाय. नारळ घिऊन पाहुनं आतच बसलं असतं."

"आणि हवेत पोरीचं पेडल कोण दाबणार? तुमचे पाहुणे?"

"साहेबांना इचारल्याबिगर देता येनार न्हाई. आता ती हापिसाची झाली."

मी उशी काखेत मारून बाहेर पडले. उशी लावून मुक्ताचा पाय पुन्हा मोजला आणि सरांना दोन्ही मापं दाखवली, उशीशिवायचं आणि उशीसकटचं. ते कानापर्यंत लाल झाले. जेमतेम तिशीचा मुलगा. मागे उशी आहे की नाही ते बघायला क्षण लागला असता, पण त्याने पेन आधी उचललं.

दोघं वर गेली. मी आणि नामदेवराव छपराखाली उभे. तासाभराने विमान उतरलं.

"पुरेशा उंचीवर डावं इंजिन दोनदा मंद केलं," सर म्हणाले. "नाक जरासं हललं, तिने लगेच धरलं."

"मग आधीचा शेरा खोडा."

"खोडायला साहेबांची सही लागते."

"साहेब कुठे आहेत?"

कारकुनाने खिडकीतून उत्तर दिलं, "राजूरला गेल्यात. आज त्यांचा सत्कार हाय."

सरांनी जुन्या शेऱ्याखाली नवा लिहून दिला. परतताना मुक्ता मागच्या सीटवर गाढ झोपली. मला मात्र राग आवरेना. विमानात उंच माणसाच्या मापाची खुर्ची बनवायची आणि जिचा पाय पुरत नाही तिला दुबळी ठरवायचं!

जुना शेरा खोडावा असा चार ओळींचा अर्ज मी गाडीतच लिहिला. आज रविवार. साहेबांना तीनदा फोन केला, उचलला नाही. उद्या सकाळी कार्यालय उघडायच्या आत तिथे पोचायचं आहे. वहीत दोन्ही शेरे एकाखाली एक आहेत, आणि वरचा अजून खोडलेला नाही.