तीन वेढे आणि एक फटकारा

रामनगरच्या सुमंगलेला मूल एकच, पण काळजी दहा मुलांची. तिची नेत्रा धारवाडला चित्रकला शिकत होती. सुट्टीला आली ती कापडाची गुंडाळी घेऊनच. मागच्या पडवीत भिंतीला मोठं कापड ठोकून तिनं काळा रंग ओढायला सुरुवात केली. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. रुंद ब्रशनं वरून खाली लांबट वेढे, एकावर एक तीन, आणि शेवटी उजव्या कोपऱ्यात जोरात मारलेला फटकारा. दुसऱ्या कापडावरही तेच.

"काय गं हे?"

"मला तरी कुठं माहीत? सर म्हणतात, विचार करायचा नाही. हात जाईल तिकडं जाऊ द्यायचा. आत असतं ते येतं."

बेळगावात बी.ए.ला सुमंगलेला मानसशास्त्राचा एक पेपर होता. अबोध मन, दडपलेलं दुःख, एवढंच त्यातलं लक्षात राहिलं होतं, आणि घाबरायला तेवढं पुरे होतं. पोरीच्या आत इतकं काळं काय साचलंय?

शेजारच्या इंदुबाईंनी भर घातली. "पोरगी कशाला तरी भ्यालीया, सुमा. उळवीच्या देवाला नेऊन आण. आन् धारवाडाला आता नगं धाडूस."

रविवारी सकाळी सुमंगलेनं सांगून टाकलं, "उद्या धारवाडला जायचं नाही." नेत्रा भांडली नाही. ब्रश घेऊन पडवीत गेली, नवं कापड काळं केलं आणि तिथंच चटईवर झोपली.

दुपारी सुमंगलेनं मुठीत मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या घेतल्या. नेत्राची दृष्ट ती नेहमी झोपेतच काढायची. शिकलेल्या बाईनं असलं करावं याची लाज वाटे, म्हणून मुलीला कधी कळू दिलं नव्हतं. डोक्यापासून पायापर्यंत मूठ फिरली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा फिरताना नजर समोर गेली, आणि ती थबकलीच. मूठ फिरत होती तशीच कापडावरची रेघ फिरली होती. एरवी मूठ शेवटी चुलीत झटकायची, त्याचं भान राहिलं नाही. सवयीनं हात उजवीकडं झटकला गेला आणि मीठमोहऱ्या ओल्या रंगावर जाऊन चिकटल्या.

नेत्रा दचकून उठली. "आई! काय टाकलंस?"

"दृष्ट काढत होते."

"माझी? कधीपासून?"

"पाळण्यात होतीस तेव्हापासून. झोपलीस की."

नेत्रा कापडाकडे बघत राहिली. तिचा हात आपोआप हवेत तीनदा फिरला आणि कोपऱ्याकडे झटकला. मग ती खो खो हसायला लागली. "आणि मी सरांना सांगितलंय, हे माझ्या आतलं म्हणून!"

"मग तुझ्या आतलंच की." सुमंगला मिरची काढायला पुढं झाली.

"राहू दे. काढू नको."

सुमंगलेनं हात मागं घेतला. म्हणाली, "उद्या सकाळच्या बसनं नको, दुपारच्या बसनं जा. रंग वाळला नाही तर मोहऱ्या गळतील."