विहिरीचं पाणी मस्कतला

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. तिथून कुणी लांबच्या मुक्कामाला निघालं की विहिरीचं पाणी बाटलीत भरून सोबत न्यायचं. नव्या गावचं पाणी बाधू नये म्हणून सुरुवातीला प्रत्येक पेल्यात त्यातलं थोडं मिसळायचं. लेकीच्या तान्ह्या मुलीला बघायला आम्ही मस्कतला निघालो, तेव्हा आमच्या ह्यांनी बॅगेत कपड्यांच्या आधी बाटली ठेवली.

माझा जीव मात्र नातीत अडकलेला. तिची मालिश आणि आंघोळ आता माझ्या हातची, हे मी सगळ्या वाडीला सांगून ठेवलं होतं. आजारी पडून चालणार नव्हतं. महाडच्या डॉक्टरांनी बजावलं, विमानात अधूनमधून चाला, कापलेली फळं टाळा, बाटलीबंद पाणीच प्या. मी विमानात इतक्या येरझाऱ्या घातल्या की हवाईसुंदरीने विचारलं, काही हरवलंय का!

मस्कतला पोचल्यावर लेक म्हणाली, "आई, आज आराम कर. उद्या सकाळी बाळ तुझ्या ताब्यात." ह्यांनी बाटली भर उन्हाच्या खिडकीत ठेवली आणि दिवसभर माझ्या पेल्यात ओतत राहिले. "घे गो, आपलं थोडं मिसळलं की पोटाला वळख पटते." स्वतः मात्र नुसता उकळता चहा पीत होते.

पहाटे पोटात जी कळ उठली, ती सांगता सोय नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंना लेकीने बाटलीची हकीकत सांगितली. मस्कतचं पाणी बिचारं निर्दोष होतं, बाधलं ते आमचंच. मीठ-साखरेचं पाणी प्या, आणि पोट पूर्ण ताळ्यावर येईपर्यंत बाळाला हात लावू नका, असा हुकूम झाला.

मी ह्यांना जे बोलले ते छापण्याजोगं नाही. "विहिरीचा दोष नाय," हे शांतपणे म्हणाले, "उन्हाचा हाय."

लेकीचे टाके अजून दुखत होते, जावई कामावर. म्हणजे बाळाला न्हाऊ कोण घालणार? हे! स्वतःची पोरं लहानपणी कधी उचलली नाहीत, जन्मभर धुतली ती वासरं. मी शेजारच्या खोलीतून ओरडत होते, "अहो, मान धरा! कानात पाणी जाईल!"

"धरलीय गो," तिकडून उत्तर.

बाळाचा मात्र आवाज नाही. मला बरं वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, माझा नुसता जळफळाट झाला.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली त्या सकाळी मी हात घासघासून धुतले, पदर खोचला, पाय पसरून बसले आणि नातीला पायांवर घेतलं. तिने असं भोकाड पसरलं की लेक धावत आली. मी गाणी म्हटली, गोंजारलं, काही उपयोग नाही. मग हे वाकले, नुसतं "काय गो?" म्हणाले आणि पोर गप्प झाली.

मी तेलाची वाटी त्यांच्याकडे सरकवली. मस्कतचा उरलेला मुक्काम मी रोज सकाळी टॉवेल धरून उभी होते.