साडूभाऊंचा सायलेन्सर

आमच्या साडूभाऊंना देवाने दोन चांगले कान दिले होते, पण ते त्यांनी जन्मभर गाड्यांच्या मागच्या बाजूलाच लावून ठेवले. समोरचा माणूस काय बोलतोय याकडे त्यांचं लक्ष क्वचितच असे. तो ज्या वाहनातून आला त्याचा सायलेन्सर काय बोलतोय, हे मात्र त्यांना घरात बसून कळे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच लग्नात, आणि तेसुद्धा फक्त गुडघ्यापासून खाली. वरातीच्या गाडीखालून नव्या सफारीच्या पँटीतले दोन पाय बाहेर आलेले होते. माझे सासरे त्या पायांकडे हात करून म्हणाले, "हे तुमचे थोरले साडू. लातूरला फिजिक्सचे सर हायत." गाडीखालून लगेच आवाज आला, "पाव्हणे, पाइप फुटलाय. गाडी रडायलीय. असल्या आवाजात नवरी नेऊ नका." मग मंडपवाल्याकडून तार आली, आचाऱ्याकडून बुंदीच्या डब्याचा पत्रा आला, आणि गाडीचं रडणं थांबेपर्यंत वरात ताटकळली. आमच्या लग्नाच्या फोटोत माझ्याशेजारी काजळीने माखलेल्या नाकाचा जो गृहस्थ सगळ्यांपेक्षा जास्त खुश दिसतो, तो हाच.

नांदेडला आमच्याकडे आले की ते मला बसस्टँडवर घेऊन जात, आणि डोळे मिटून बाकावर बसत. "ही हदगावची," म्हणत. डोळे उघडून पाटी वाचावी तर हदगावचीच. यात जादू काही नाही, त्या रस्त्याच्या खड्ड्यांनी पाइपाची पकड अशी ढिली होते की गाडी वळताना खाकरते, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. नायगावची गाडी म्हणे गुळगुळीत गळ्याची. एकदा नात्यातल्या एका घरी आम्ही मातीला जाऊन आलो होतो. ओसरीवर सगळे माना खाली घालून बसलेले. बाहेरून एक ट्रक गेला आणि त्या शांततेत साडूभाऊ मनापासून "व्वा!" म्हणाले. माझ्या मेहुणीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यानंतर असल्या ठिकाणी त्यांना रस्त्यापासून लांब, मागच्या खोलीतच बसवायची पद्धत पाडली.

तो काळ लातूरला क्लासचं पीक आल्याचा होता. गल्लीगल्लीत पाट्या, पाट्यांवर गुणवंतांचे फोटो, फोटोंखाली मेस, मेसवर हॉस्टेल. साडूभाऊंच्या क्लासमध्ये पाय ठेवायला जागा नसे. ध्वनीचा धडा आला की ते उभा चिरलेला सायलेन्सर बगलेत मारून वर्गात जात. "पोरांनो, या डब्याचं काम आवाज मारायचं न्हाई, आवाजाला वळण लावायचं हाय. तुमच्या मायबापांनी तुम्हाला हितं कशाला धाडलंय? त्याच्यासाठीच!" पोरं हसत, आणि तो धडा जन्मात विसरत नसत. सरांच्या हातातली काजळी कपाळावर कधी गेली, हे मात्र सरांना घरी गेल्यावर आरशात कळे.

क्लास चालला तसं त्यांनी घर बांधलं. भक्कम, पिलर-बीमचं, वरती स्लॅब. आणि त्या घरात त्यांच्या आईने पाऊल टाकायला नकार दिला. किल्लारीच्या बाजूचं त्यांचं गाव. पहाटेच्या भूकंपात दगडमातीची सगळी आळी बसली, त्यात साडूभाऊंचे वडील गेले, धाकटी बहीण गेली. माय अंगणात निजली होती म्हणून वाचली. लातूरला आणल्यापासून ती नव्या घराच्या आवारात पत्र्याच्या खोलीत राही, तिथेच चुलीवर तिचं आणि लेकाचं रांधे. साडूभाऊ रोज तिला खांब कसा उभा राहतो, बीम कसा वजन पेलतो, ते समजावत. बोर्डावर शिकवणारा हा माणूस मायपुढे मातीत काडीने आकृत्या काढत बसे. ती शांतपणे ऐकून घेई आणि म्हणे, "लेकरा, तुझं समदं खरं. पण आधी आवाज आला होता. जमिनीच्या पोटातून. भिंती मागून पडल्या." पुढे ती बोलत नसे. आकृती पायाने पुसली जाई आणि विषय संपे. सगळ्या लातूरला पास करणारा हा मास्तर घरच्या एका परीक्षेत दरवर्षी नापास होत होता, आणि त्याचं त्याला फार लागे.

अशात साडूभाऊंच्या दारात ती गाडी आली. पुण्याच्या कुणा शर्यतवाल्याने वापरून विकायला काढलेली, दोन दारांची, बुटकी, लालभडक. दार उघडून आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं वाटे. इंजिन जबरदस्त होतं, पण आधीच्या मालकाने विकताना मागे कुठला तरी साधा बारीक पाइप ठोकून दिला होता. त्यामुळे वाघासारखी ती गाडी शिंकल्यासारखा आवाज करी. "नाक दाबून पळवायलेत हो तिला," साडूभाऊ कळवळून म्हणाले. "अर्धी ताकद धूर बाहेर ढकलण्यातच जायलीय. तिला मोकळा श्वास सोडू द्या, मग बघा." आणि दर रविवारी लातूर-नांदेड सुरू झालं, कारण त्यांना हवा तो माणूस नांदेडला होता.

हा माणूस म्हणजे उस्ताद. त्यांच्या घरात पिढीजात काम बँडची वाद्यं दुरुस्त करायचं: क्लॅरिनेट, कर्णे, मोठाले भोंगे. "बँड लग्नसराईत वाजतो, सायलेन्सर बारा महिने फुटतो," असं म्हणून उस्तादांनी दुकानाचा अर्धा भाग वेल्डिंगला दिला होता. स्वभाव तापट, आवाज खडा, आणि स्वतःच्या कामाचा अभिमान एवढा की दुसऱ्याने जोडलेला पाइप ते चिमट्याने उचलत. साडूभाऊ खडूने जमिनीवर लहरी काढत, उस्ताद त्या चपलेने पुसत. "सर, तुमचं फिजिक्स वर्गात ठेवा. हितं फुंक चालते." "अहो, फुंक म्हणजेच फिजिक्स!" "मग फुंकून दाखवा की!" असं म्हणून उस्तादांनी एकदा क्लॅरिनेट पुढे केला. साडूभाऊंनी गाल फुगवून जो आवाज काढला, त्याने समोरच्या हॉटेलातली माणसं चहा सोडून बाहेर आली. दोघंही थोडे बरोबर असत, थोडे चूक असत, आणि माझ्या घरचं जेवण झाल्याशिवाय कुणीच माघार घेत नसे.

पण काम झालं! इंजिनातून निघणाऱ्या चार नळ्या सारख्या लांबीच्या वाकवून एकात आणल्या, पाइप रुंद केला, मागचा डबा नवा बनवला, आणि आम्ही तिघं मुदखेड रस्त्याला लागलो. मी मागच्या सीटवर, गुडघे हनुवटीला टेकवून. साडूभाऊंनी पाय दाबला आणि देवाशपथ सांगतो, माझ्याही तोंडून "व्वा!" निघालं. खालून असा भरदार, खर्जातला घोष आला की रस्त्याकडेच्या कापसात वाकलेल्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या. गाडी पळत नव्हती, सुटत होती. उस्ताद खिडकीतून अर्धे बाहेर निघून ओरडत होते, "सर, गाती है! गाती है!" साडूभाऊंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि मी मागून "समोर बघा, समोर बघा" म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मला शेजारी बसवून ते परत लातूरला निघाले, आणि लोह्याच्या पुढचा चढ, जिथे आधी गाडी धापा टाकी, तिथे आमचे साडूभाऊ एका हाताने मिशी पुसत वर गेले.

आणि याच आठवड्यात त्यांच्या घरी दुसरी मोठी गोष्ट घडली होती. मायने पहिल्यांदा स्लॅबच्या घरात पाऊल टाकलं होतं. सुनेला ताप आला म्हणून ती स्वयंपाकघरात येऊन भाकरी टाकून गेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. "आली हो पाव्हणे, माय आत आली," हे त्यांनी मला वाटेत इतक्यांदा सांगितलं की लातूर कधी आलं ते कळलं नाही.

सकाळची वेळ. गाडी त्यांच्या गल्लीत वळली. गल्ली अरुंद, म्हणून वेग कमी, आणि कमी वेगात तो खर्ज आणखी खाली उतरला. नुसता ऐकू येणारा नव्हे, तळपायाला लागणारा घुमारा झाला तो. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांच्या काचा किणकिणल्या, मेसच्या फळीवरची ताटं वाजली, आणि कुणीतरी किंचाळलं, "भूकंप!"

पुढच्या क्षणी सगळी गल्ली रस्त्यावर. एका गालाला साबण लावलेले वकील, टॉवेलवर धावणारी हॉस्टेलची पोरं, एकाच्या हातात केमिस्ट्रीचं पुस्तक, मेसच्या बाईंच्या हातात शिट्टी होणारा कुकर. सगळे आभाळाखाली उभे राहून एकमेकांना मोजत होते, आणि त्यांच्या मधोमध लाल गाडीत आम्ही दोघं. साडूभाऊंनी घाबरून गाडी बंद केली. भूकंपही थांबला. हळूहळू सगळ्यांच्या नजरा गाडीकडे वळल्या. वकील साबणासकट जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

साडूभाऊंनी त्यातलं काहीच ऐकलं नाही. ते आवाराकडे धावले होते. माय अंगणाच्या मधोमध मातीत बसलेली होती, पिठाने भरलेला तळहात जमिनीवर टेकवून. तिने वर पाहिलं आणि विचारलं, "आला का रे परत?" "न्हाई माय, माझी गाडी हाय ती," साडूभाऊ म्हणाले. स्वयंपाकघरात तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येत होता. ती काढायला माय आत गेली नाही. उठली, आणि पत्र्याच्या खोलीत जाऊन बसली.

मला वाटलं, आता हा माणूस गाडी विकणार. मी तसं म्हणालोही. ते गाडीमागे उकिडवे बसले आणि म्हणाले, "गाडीचा श्वास न्हाई दाबणार. पण त्यातला तेवढा एक सूर काढून टाकतो." भूकंपाच्या आवाजाचा नेमका सूर कोणता, हे सांगू शकणारं घरात एकच माणूस होतं, आणि त्या माणसाने इतकी वर्षं त्या पहाटेबद्दल दोन वाक्यांपलीकडे तोंड उघडलं नव्हतं.

पुढच्या रविवारी उस्ताद बँडमधला सगळ्यात मोठा भोंगा घेऊन लातूरला आले. त्याआधी साडूभाऊ घरोघर जाऊन सांगून आले, "दुपारी आवाज येईल. तो भूकंप न्हाई, उस्ताद हायत." तरी खबरदारी म्हणून अर्धी गल्ली आधीच बाहेर येऊन बसली. माय पत्र्याच्या दारात. उस्तादांनी एक खालचा सूर धरला. मायने मान हलवली. "अजून खाली." आणखी एक. "न्हाई. अजून." तो तापट माणूस त्या दिवशी एका शब्दाने चिडला नाही. गाल लाल झाले, घाम निथळला, सूर एकेक पायरी उतरत गेला. एका सुरावर मायने डोळे गच्च मिटले आणि साडूभाऊंचा दंड धरला. "हाच. असाच आला होता, लांबून. मला वाटलं ट्रक आला. म्हणून मी कुणाला उठवलं न्हाई रे." उस्तादांनी भोंगा खाली ठेवला. साडूभाऊ मायजवळ मातीत बसून राहिले, आणि ती बोलत राहिली, पहिल्यांदाच, ऊन उतरेपर्यंत.

मग ते दोघं जे कामाला लागले! साडूभाऊंनी त्या सुराची लांबी गणिताने काढली, आणि तेवढ्या लांबीची, एका बाजूने बंद तोंडाची नळी मुख्य पाइपाला फाटा म्हणून जोडायची ठरलं. तो सूर त्या नळीत शिरतो, बंद टोकाला आपटून उलटा येतो आणि स्वतःच स्वतःला खातो. उस्तादांचा यावर काडीचा विश्वास नव्हता. जोडून झाल्यावर त्यांनी गाडी चालू केली, कान लावला, आणि एवढंच म्हणाले, "जरा लंबी झाली." तेवढी कापली. गाडीची ताकद तीच राहिली, पण घुमारा गेला. वर नुसता उघडा, भरलेला, क्लॅरिनेटच्या मधल्या पट्टीतला आवाज राहिला.

या खेपेला गल्ली दुतर्फा उभी होती. आम्हा तिघांना घेऊन गाडी हळू वळली, गात आली, एक काच हलली नाही, आणि हॉस्टेलच्या पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वकिलांनी दाढी करता करता खिडकीतून हात दाखवला. गाडी दारात येऊन थांबली तेव्हा माय अंगणात होती, तळहात जमिनीवर. तिने हात उचलला, लुगड्याला पुसला, म्हणाली, "ही तुझीच हाय. कळायलंय." साडूभाऊ चावी फिरवून बंद करायला गेले तर ती ओरडली, "बंद कशाला करायलास? चालू ठेव. मी आत चहा टाकते. ही वाजायलीय तोवर मला कळतंय की दुसरं काही न्हाई." आणि ती पायरी चढून आत गेली. आम्ही बाहेर, गाडी चालू, आणि स्लॅबच्या घरातून कपबशांचा आवाज. साडूभाऊ स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडत होते, आणि उस्ताद त्यांची पाठ थोपटत मला म्हणत होते, "सर के आँख में धुवाँ गया."

पुढे कित्येक महिने त्या घरात असाच चहा झाला. माय आत, गाडी बाहेर चालू. पेट्रोलवरून मेहुणी कधी बोलली नाही. मग एके दिवशी साडूभाऊ गाडी चालू करायला विसरले, आणि माय आतून विचारती झाली, "साखर किती घालू?" तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

माय जाऊन आता बरीच वर्षं झाली. उस्तादही गेले. क्लास साडूभाऊंनी बंद केला, आणि ज्यांनी जगातले सगळे सायलेन्सर ऐकले ते कान आता जवळजवळ गेले आहेत. मशीन लावून घ्या म्हटलं तर म्हणतात, त्यातून सगळं शिंकल्यासारखं ऐकू येतं. मी लातूरला मुक्कामाला असलो की सकाळी ते लाल गाडी दारात आणून चालू करतात, आणि बोनेटवर हात ठेवून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत उभे राहतात. परवा मला जवळ बोलावून मोठ्याने विचारलं, "पाव्हणे, आवाज तोच हाय ना?"

"तोच हाय," मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

त्यांनी मान हलवली, पण गाडी बंद केली नाही. म्हणाले, "राहू द्या थोडा वेळ. चहा व्हायचाय अजून."