बिनविरोध अजिनाथराव

अजिनाथराव, तुमच्या चांगुलपणाची मला आता किळस येते. तोंडावर बोलून झालं, आता लिहूनही टाकते. कारण नवी संस्था काढायला निघालेली मंडळी अजून तुमचा सल्ला घ्यायला येतात.

तलवाड्यात तुमचं कुणाशी वाकडं नाही. मास्तर होतात तेव्हा दोन्ही गटांच्या घरी चहा प्यायचात. सरपंच झालात तेही बिनविरोध, मी जिथं काम करते त्या आपल्या संस्थेचे अध्यक्षही बिनविरोध. तो शब्द तुम्हाला असा काही गोड लागला, की पुढं प्रत्येक ठराव बिनविरोधच हवा. एक हात खाली राहिला की विषय पुढच्या बैठकीत. पंखा घ्यायचा असला तरी. माझ्या भावाचं बियाण्याचं दुकान तुम्ही चालवलं असतंत, तर पेरण्या उरकल्यावर बी आलं असतं.

यंदा ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडायचं होतं. दसऱ्याआधी उघडलं तर मुलं गावात, शाळेत राहतील. नाहीतर आईबापांमागं उसाच्या फडावर जातील. एका गटाचा परमेश्वर बैठकीत म्हणाला, समाजमंदिरात करू. दुसऱ्या गटाचा अमरसिंह म्हणाला, माझ्या गोदामात करा. दोन्ही जागा चालल्या असत्या. तुम्ही त्यातल्या एका जागेचं नाव घ्यायचं, एवढंच काम होतं.

"कुणाचं मन मोडाया नको, ताई."

"मन सांधता येतं. पोरांची शाळा सुटली की सुटली."

"तुमी लई घाई करता. बिनविरोध झालं की सगळे मनापासून राबतात."

राबले ना. बैठकीतला चिवडा मनापासून संपवला.

मग सुनिता तुमच्या ओट्यावर आली. तिची आरोही सातवीत. रस्त्यावर तोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाची गाडी भरत होती.

"सर, पोरीला ठिवू का नेऊ? एवढं सांगा."

"बैठक होऊ दे, बघू."

"गाडी थांबत न्हाई बैठकीसाठी."

"तू म्हणशील तसं कर, बाई. माझा विरोध न्हाई."

निर्णय ज्याच्या हातात, त्यानंच तो गरजवंताच्या ओच्यात टाकून मोकळं व्हायचं, आणि वर लोकांनी त्याला नम्र म्हणायचं. आरोही भांड्यांच्या गोणीवर बसून गेली. तुम्ही हात हलवलात.

दिवाळीनंतर एकमत झालं, समाजमंदिर ठरलं, टाळ्या वाजल्या. राहायला मुलंच नव्हती. मी सुनिताला फोन केला. ती म्हणाली, "सरांनी सोता येऊन शबूद द्यावा, मग पोर धाडते. बैठकीवर इस्वास न्हाई आता."

दोघांनी फडावर जाऊन आरोहीला आणायचं, असं आपलं ठरलं. मी जीप सांगितली. सकाळी तुमच्या दारात आले, तर तुम्ही आंघोळ करून, टोपी घालून बसलेले.

"एकीलाच आणलं तर बाकीच्यांना काय वाटल, ताई? सगळ्यांना विचारू, मग जाऊ."

जीप परत पाठवली. त्यानंतर संक्रांत झाली, शिवरात्र झाली. पोर तिकडं उसाच्या मोळ्या बांधतेय. ते जाणं राहिलंय.