तळ्याला भरती नसते

वहिनीने एकच अट घातली होती. "त्यांना कुठं पन न्या, भावजी. पन दर्या दिसंल तिथं नको."

आगरदांड्याच्या आमच्या घरात दादा दोन महिने भिंतीकडे तोंड करून बसला होता. खलाशी मिळेनात म्हणून त्याने होडी विकली आणि त्या दिवसापासून त्याला जेवायलाही चार हाका माराव्या लागत. माझा हा थोरला भाऊ. बाप गेल्यावर त्यानेच मला वाढवलं, शिकवलं, नोकरीच्या वाटेला लावलं. तो असा मिटत चाललेला मला बघवेना. म्हणून एक दिवस रजा टाकली आणि माणगावच्या पुढे डोंगरात, तळ्याकाठी केलेल्या उद्यानात त्याला घेऊन गेलो.

आडवार होता, चिटपाखरू नव्हतं. सिमेंटची बाकं, झाडांवर नावांच्या पाट्या आणि समोर हिरवं, मुकाट पाणी. दादा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

"ह्याला तर वास बी न्हाय," तो म्हणाला.

दोन महिन्यांत आपणहून बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू.

पाण्यात उतरू नये अशी पाटी होती. तिथला म्हातारा रखवालदारही तेच सांगायला आला. मी त्याला हसलो. "बाबा, कोळ्याला पाण्याची भीती घालता?" दादाचं मन नव्हतं. मीच त्याला डिवचलं, "काय रे दादा, डबक्याला भ्यालास?" तेव्हा तो हसला, शर्ट काढून माझ्या अंगावर फेकला आणि उतरला.

पार मधोमध गेला. परतताना त्याचे हात मंदावले आणि मग तो उताणा झाला. आमच्याकडे पोरांना पोहायला शिकवताना पहिल्यांदा हेच सांगतात: दमलास की पाण्याशी भांडू नको, उताणा पड, भरती आणून सोडेल. मला हे दादानेच शिकवलं होतं.

"सायेब, तुमचा मानूस दमलाय," रखवालदार म्हणाला. "दोर आनतो."

"कशाला? आणेल पाणी त्याला," मी म्हणालो आणि भाकरीवर सुकटाची चटणी घेतली. होय, मी जेवत होतो.

तळ्याला भरती नसते हे शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. पण जन्मभर अंगात मुरलेली सवय सुटत नाही, आणि वर माझी घमेंड. दादाचंही तसंच झालं असणार. गोडं पाणी खाऱ्यासारखं उचलून धरत नाही. आधी त्याचे पाय खाली गेले, मग छाती. हाक नाही, धडपड नाही. म्हातारा माझं न ऐकता दोर आणायला गेलाच होता. तो धावत परत आला तेव्हा तळं सपाट होतं.

मी गुडघाभर पाण्यात गेलो. तिथून पुढे पाऊल उचललं नाही. पट्टीचा पोहणारा मी, आणि भीतीने लाकूड झालो होतो. गावातल्या माणसांनी संध्याकाळी त्याला काढला.

घरी वहिनीने आधी माझ्या ओल्या पँटकडे पाहिलं. "तुमी बी उतरलात?"

"हो," मी म्हणालो. "हाताला लागला होता. निसटला."

तिने माझं डोकं जवळ घेतलं. "तुमी तरी वाचलात," म्हणाली आणि तेव्हा कुठे रडली.

आता दर नारळी पुनवेला ती मला धक्क्यावर नेते. मला पाण्याने परत दिलं म्हणून तिने दर्याला नारळ बोललाय. तो ती माझ्या हातात देते आणि मी सोडेपर्यंत शेजारी हात जोडून उभी राहते.